मदत हवी आहे: वारलेल्या मित्राची शिकारीची बंदूक माझ्या नावावर होऊ शकेल का?

मंडळी, शस्त्र परवान्याच्या कामातून गेलेलं किंवा महसूल-पोलीस खात्यातलं कोणी इथे असेल तर सल्ला हवा आहे.

सिंधुदुर्गातला माझा बालमित्र पावसाच्या तोंडावर अचानक गेला. त्याच्याकडे आजोबांपासून चालत आलेली बारा बोअरची दुनळी होती, वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅमची. आजोबा हाका घालून शिकार करणारे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते सगळं थांबलं, पण बंदूक घरात राहिली, आधी वडिलांच्या आणि मग ह्याच्या परवान्यावर. ह्याने ती वापरली म्हणजे काय, तर भात पोटरीला आलं की रात्री माळ्यावर जागायचं आणि डुकरांची चाहूल लागली की हवेत एक बार काढायचा. सुट्टीत मीही असायचो. बिड्या, भुताच्या गोष्टी आणि मध्येच कानठळ्या बसवणारा तो आवाज!

दस्त्याला एक तडा आहे, त्यावर त्याने तांब्याची तार इतकी नेटकी गुंडाळली आहे की मूळचीच वाटावी. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा व्हायची. परत आली की हा गडी गजाला फडकं गुंडाळून संध्याकाळभर नळ्या पुसत बसायचा आणि तेव्हा त्याने लोकशाहीला दिलेल्या शिव्या मी इथे लिहू शकत नाही. दसऱ्याला पाटावर हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. आमच्या घरची कोयती-कुदळही त्याच पाटावर असायची.

आता बंदूक ठाण्यात जमा आहे. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला हे लचांड नको. मुलगीही नको म्हणते. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुमी घेवन जावा. हिका थंय गंजाक देव नकात." त्याने एका कागदावर बंदूक मला द्यावी असं लिहूनही ठेवलं आहे, सहीसकट.

मी ठाण्यात राहतो (शहर ठाणे, पोलीस ठाणे नव्हे). गावात माझ्या नावावर सातबारा आहे. परवाना कधीच काढलेला नाही. त्या कागदावर बंदूक मिळते का? अर्ज गावाकडे करायचा की इथे? आणि नळ्या कायमच्या बुजवून नुसती आठवण म्हणून भिंतीवर लावली तर परवाना टळतो का? मला तिने एकही बार काढायचा नाही, हे आधीच सांगतो. 'विकून टाका' हा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद

महसूल खात्यात शस्त्र परवान्याचं टेबल सांभाळलं आहे, म्हणून लिहितो.

त्या कागदाने मित्राची इच्छा कळते, ताबा मिळत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची सोय आहे, पण तिथे वारस म्हणजे घरचे. कितीही जिवलग असला तरी मित्र त्यात बसत नाही. तुमचा रस्ता वेगळा: आधी स्वतःच्या नावाने नवा परवाना, मग हस्तांतरण. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मयताच्या वारसांना जमा केलेलं शस्त्र परवानाधारकाला विकता किंवा देता येतं. मात्र त्याला मुदत असते आणि ती टळली की शस्त्र सरकारजमा. म्हणून वहिनी आणि दोन्ही मुलांनी आत्ताच लेखी कळवावं की ही बंदूक आम्हाला अमुक व्यक्तीला द्यायची आहे, त्याचा परवान्याचा अर्ज चालू आहे. अर्जाची पोच आणि ठाण्यात जमा केल्याची पावती जपून ठेवा, पुढचं सगळं त्यावर अडतं.

अर्ज तुम्ही राहता तिथे, म्हणजे पोलीस आयुक्तालयात. वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागेल. कारण विचारतील. तिथे 'मित्राची आठवण' एवढंच लिहिलंत तर फाइल पडून राहील. तुमच्या बाजूची गोष्ट अशी की ही रायफल नाही. नळीला आतून आटे नाहीत, आणि वीस इंच किंवा जास्त लांबीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीकडे कायदा जरा मवाळपणे बघतो. नळीची लांबी मूळ परवान्यावर बघून घ्या.

प्रतिसाद

नळ्या बुजवायचं खूळ डोक्यातून काढा. परवाना नसताना बंदूक लोहाराकडे नेणं हाच गुन्हा. कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट शस्त्राला. तुमच्या मित्राने तर ती चालती ठेवली होती!

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. भिंतीचा विचार सोडला. मुलांशी फोनवर बोललो, दोघंही लिहून द्यायला तयार आहेत. थोरला म्हणाला, "काका, फक्त ती तार काढू नका."

आता एकच. परवाना येईपर्यंत बंदूक ठाण्याऐवजी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवता येते असं दिसतंय. कोल्हापूर किंवा बेळगावकडे असा कोणी माहीत आहे का, जो नुसता कोपऱ्यात ठेवणार नाही, अधूनमधून तेलाचा हात फिरवेल? भाडं द्यायची तयारी आहे. माहिती असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.