आजोबांची स्मरणिका: घरातले आणि गावातले आजोबा एकाच पुस्तिकेत कसे आणायचे?

निशिगंध
आजोबांची स्मरणिका करायची आहे. ए-५ आकार, साधारण ४८ पानं, घरच्यांसाठी आणि गावातल्या माणसांसाठी. आजोबा जितके घरचे तितकेच गावाचे: वाचनालय, शाळेची समिती, कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाचं भांडण मिटव. हाताशी आहे ते असं: चिकट पानांच्या अल्बममधले फोटो, फ्रेमच्या काचेला चिकटलेला एक मोठा फोटो, त्यांच्या आवाजाच्या दोन कॅसेट, पत्रं आणि एक हिशेबाची वही. लोकांकडे आठवणी मागितल्या की ‘देवमाणूस होते’ एवढंच लिहून येतं. ते खरंच आहे, पण त्यातून आजोबा दिसत नाहीत. सुरुवात कुठून करावी? आणि फोटो न फाटता कसे काढायचे?

जुनी_वही
फोटो थांबतील, माणसं थांबणार नाहीत. म्हणून आधी आजोबांच्या बरोबरीची माणसं गाठा, अल्बम नंतर.

लिहून मागू नका. कागद समोर आला की माणूस श्रद्धांजलीच्या भाषेत शिरतो. समोर बसून बोलतं करा. फोनवरून काढलेल्या फोटोंच्या छोट्या छापील प्रती बरोबर न्या, एक फोटो पुढे ठेवा आणि ‘मागे उभा आहे तो कोण?’ इथून सुरू करा. ‘आजोबा कसे होते?’ हा प्रश्न पूर्ण टाळा, त्याला विशेषणंच उत्तरात येतात. त्याऐवजी: घरातून किती वाजता निघायचे, वाटेत कुणाकडे थांबायचे? अर्ज लिहायला बसले की आधी काय विचारायचे? भांडण मिटवताना दोघांना एकत्र बसवायचे की वेगवेगळं ऐकायचे? नातवंडं आजारी पडली तर रात्री कोण उठायचं? आणि एक जरूर विचारा: ते कुणाला कधी ‘नाही’ म्हणाले होते का? माणसाचा कणा त्या उत्तरात कळतो.

उत्तर संपलं असं वाटलं तरी थोडं गप्प राहा. नेमकी गोष्ट बरेचदा त्या शांततेनंतर येते. बैठक तासाभराची ठेवा, म्हातारी माणसं दमतात. दोन मित्रांना एकत्र बसवलं तर एकमेकांना आठवण करून देतात, पण तारखाही एकमेकांच्या उचलतात. म्हणून आधी वेगवेगळे, मग एकत्र.

रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, फोन दुमडलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. टेबलावर थेट ठेवला तर प्रत्येक ठोका आवाजात उतरतो. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव तोंडी सांगा. रेकॉर्डिंग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवली तर तासाला साधारण अर्धा जीबी लागतो.

सालं मात्र कुणाच्याच स्मरणावर सोडू नका. संस्थेचं इतिवृत्त, शाळेचं रजिस्टर, पत्रावरचा पोस्टाचा शिक्का यांच्याशी ताडून पाहा. मेळ बसला नाही तर ‘च्या सुमारास’ असं लिहा, आकडा ठोकून देऊ नका.

कागदकाळजी
चिकट अल्बम: वरचं प्लॅस्टिक सावकाश मागे घ्या आणि आधी आख्ख्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुढे काही फाटलं तरी क्रम आणि मजकूर हाती राहतो. मग मेण नसलेला डेंटल फ्लॉस फोटोच्या कोपऱ्यामागे सरकवून करवतीसारखा हलक्या हाताने पुढेमागे न्या. कोपरा धरून ओढलात तर फोटो वाकतो आणि वरच्या थराला कायमची चीर जाते. जो सुटत नाही त्याला तिथेच पानासकट स्कॅन करा. हेअर ड्रायर आणि पाणी दोन्ही वर्ज्य.

काचेला चिकटलेला फोटो अजिबात ओढू नका. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, दमटपणात तो मऊ होऊन काचेला धरतो. ओढला की चेहरा काचेवर राहतो. काचेसकटच फोटो घ्या: दोन्ही बाजूंनी ४५ अंशात प्रकाश, फ्लॅश बंद, कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड, म्हणजे प्रतिबिंब येत नाही. पातळ, स्वस्त स्कॅनर काचेच्या जाडीपलीकडचं धूसर दाखवतात, म्हणून इथे कॅमेरा बरा.

बाकीचे फोटो ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करा. ३ × ५ इंचाच्या फोटोचे १८०० × ३००० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० डीपीआयने दुप्पट आकारात छापता येतो. मूळ प्रत टिफ या फाइल प्रकारात (त्यात चित्राचा दर्जा घटत नाही), तिला हात लावायचा नाही. डाग काढायचे ते नकलेवर. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, तिथे अनेकदा स्टुडिओचा शिक्का किंवा कुणाचं अक्षर सापडतं. नावं मागे लिहायची तर मऊ पेन्सिलने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. गुळगुळीत पाठीवर पेन्सिल लागत नसेल तर पाकिटावर लिहा. फाटलेल्या पत्राला सेलोटेप नको, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो.

टेपडेक
कॅसेट वाजवण्याआधी वरच्या दोन छोट्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवा. टेप उघडी दिसते त्या कडेच्या मध्यावरचा, टेपला हेडवर दाबणारा फोमचा प्रेशर पॅड पडलेला असेल तर आवाज येतो-जातो. दुसऱ्या चालू कॅसेटचं स्क्रूवालं कवच घेऊन टेप त्यात बसवता येते. करकर आवाज आला तर लगेच थांबवा. स्पीकरसमोर फोन धरून नक्कल करू नका, कॅसेट डेकच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून) वायरने संगणकात घ्या. आवाज दबलेला वाटला तर बरेचदा डेकच्या हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) कोन त्या कॅसेटशी जुळत नसतो. जाणकाराकडून हेडचा कोन ठरवणारा स्क्रू जुळवून मगच उतरवा. खरखर काढण्याचं काम फक्त नकलेवर.

निशिगंध
खूप मदत झाली. मांडणी ‘कुटुंब’ आणि ‘गाव’ अशा दोन भागांत करू का? आणि हिशेबाच्या वहीत उधारीची नावं आहेत, ती छापावी का?

मुद्रितशोधन
दोन भाग केलेत तर घरचे पहिला वाचतील, गाव दुसरा. त्यापेक्षा त्यांच्या कामांवरून मांडा: सकाळ, पत्रं, वाचनालय, तंटे, सण, आजारपणं. प्रत्येकात घरचा आणि बाहेरचा आवाज शेजारी ठेवा. ज्या दिवशी ते समितीच्या बैठकीला गेले, त्या दिवशी घरी कोण वाट पाहत होतं, हे दोन्हीकडून आलं पाहिजे.

उधारीची नावं नकोत. वहीचं एक पान नावं झाकून छापा. अक्षर आणि हिशेबाची शिस्त दिसली की पुरे. इतरांनी आजोबांना लिहिलेली पत्रं छापायची तर लिहिणाऱ्याची किंवा त्याच्या घरच्यांची संमती घ्या. कागद तुमच्याकडे असला तरी मजकुराचा हक्क त्यांचा असतो.

४८ पानं म्हणजे १६ पानांचे बरोबर तीन फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेले गठ्ठे), हिशेब चांगला बसतो. या जाडीला सेंटर पिनच (मधल्या घडीवर पिना) करा, परफेक्ट बाइंडिंगला (कण्याला गोंद लावून चिकटवण्याला) कणा पुरत नाही आणि पानं सुटू शकतात. मजकूर १३ ते १४ पॉइंट, कारण वाचणारे वयस्क आहेत. टाइप युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलं की रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात. पीडीएफमध्ये फॉन्ट समाविष्ट आहेत का ते तपासा, कडेपर्यंत जाणारे फोटो कापण्यासाठी पानाच्या कडेबाहेर ३ मिमी जादा सोडा. शेवटचं प्रूफ कागदावर काढून एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने नावांची यादी समोर धरावी. समूहफोटोखाली नावं ‘डावीकडून’ अशी ओळीनुसार, आणि ज्याची ओळख पटली नाही त्याची जागा मोकळी ठेवून छापा, वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी ती भरून पाठवतं. त्यासाठी शेवटच्या पानावर संपर्काचा पत्ता द्या.