थालमोरची स्वारी: बेत हॅमरफेलचा, मग राजधानीच्या तटापर्यंत गेले कसे?

पटावरचा_प्यादा

एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेम मालिकेच्या जगातलं महायुद्ध (चौथं युग, १७१ ते १७५) टेबलावर मांडायचं आहे. सायरोडील (साम्राज्याचा मधला प्रांत, राजधानी इथेच) आणि वाळवंटी प्रांत हॅमरफेल यांचा षटकोनी घरांचा नकाशा, एक खेळाडू आल्डमेरी डोमिनियन (एल्फांचं राज्य, सत्ता थालमोर या गटाकडे), दुसरा माणसांचं साम्राज्य. एक चाल म्हणजे एक ऋतू. १७१ चा शरद ते १७५ चा वसंत धरला तर १५ चाली होतात.

अडचण अशी की साध्या नियमांनी खेळलं तर डोमिनियनवाला हॅमरफेलकडे ढुंकूनही बघत नाही. सगळी फौज निबेन नदीच्या काठाने वर, सहाव्या चालीला राजधानी खिशात, खेळ खलास. लोरमध्ये (खेळांतल्या लिखित इतिहासात) मात्र राजधानी पडायला १७४ उजाडलं आणि पडल्यावरही युद्ध संपलं नाही. तर प्रश्न तीन. थालमोरने एकाच वेळी दोन आघाड्या का उघडल्या? त्यांचा सेनापती नारिफिन याचा पहिला घाव इतका खोल कसा गेला? आणि राजधानी हातात असून त्यांची मुख्य फौज कापली कशी गेली? उत्तरं नियमांत बसवता येतील अशी द्या, नुसती लोर नको.

निबेनकाठ

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावर उभं आहे.

३० फ्रॉस्टफॉल (तिथला ऑक्टोबर) १७१ ला थालमोरचा वकील साम्राज्याचा बादशहा टायटस मीड दुसरा याच्यापुढे झाकलेली गाडी आणि मागण्यांची यादी घेऊन आला. जबर खंडणी, ब्लेड्स (बादशहाचे हेर आणि अंगरक्षक) बरखास्त, टालोस (देव मानलेला बादशहा) याची पूजा बंद आणि हॅमरफेलचा मोठा भाग डोमिनियनला. सेनापती सांगत होते की आपली लष्करी तयारी कच्ची आहे, तरी बादशहाने नकार दिला. वकिलाने गाडी उलटी केली आणि फरशीवर शंभरावर मुंडकी घरंगळली. समरसेट आणि वॅलनवुड या डोमिनियनच्या मुलखांतला ब्लेड्सचा एकूण एक हेर. त्यानंतर काही दिवसांतच दोन्हीकडे फौजा घुसल्या. काही दिवसांत एवढ्या फौजा उभ्या राहत नाहीत. म्हणजे वकील दरबारात उभा होता तेव्हा त्या सीमेवर तयार होत्या. मागण्या मान्य होतील अशी अपेक्षाच नव्हती.

आता सायरोडीलची बचावाची फळी वॅलनवुडच्या सीमेवर होती. नारिफिन आला तो एल्सवेअरच्या उत्तर भागातल्या छुप्या तळांवरून, म्हणजे फळीच्या बगलेतून. समोरून भिडलाच नाही. एल्सवेअरची शकलं ११५ मध्येच झाली होती. आनेक्विना आणि पेलेटिन अशी दोन राज्यं, दोन्ही डोमिनियनच्या ताटाखालची. साम्राज्याकडे त्यांचा धोका समोर दिसायला ५६ वर्षं होती, पण फळी तोंड करून बसली वॅलनवुडकडे. आणि मुंडकी कुठली होती ते परत वाचा: समरसेट आणि वॅलनवुड. घाव मात्र तिसऱ्याच मुलखातून आला. त्या गाडीने दरबाराची नजरही चुकीच्या सीमेवर खिळवली, असं मला वाटतं. हा माझा तर्क, खेळातल्या ‘द ग्रेट वॉर’ या ग्रंथातलं वाक्य नव्हे.

मग लेयाविन आधी का? निबेनच्या खालच्या टोकाचं शहर ते. ते हातात आलं की समुद्रातून जहाजं नदीत शिरतात आणि रसदेसाठी बैलगाड्यांवर अवलंबून राहावं लागत नाही. पुढचा अडसर ब्राविल. त्याला आधी तोडून वेढा घातला आणि ते १७२ मध्ये पडलं. त्याच वर्षाअखेर नारिफिन राजधानीच्या तटाशी होता. हा क्रम योगायोग नाही.

तुमच्या खेळाडूची सहाव्या चालीची घोडदौड इथेच अडवता येईल. राजधानी रुमारे तलावातलं बेट आहे हे नकाशावर नीट दाखवा. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये तिथे जायला पश्चिमेकडून वेयेचा एकच मोठा पूल आहे. म्हणून तलावातलं पाणी कोणाचं, याची वेगळी नोंद ठेवा. १७२ मध्ये रुमारेवर आणि निबेनवर जहाजांच्या घनघोर लढाया झाल्या, साम्राज्य पूर्व काठ धरून होतं. तो काठ ओलांडायला डोमिनियनला १७३ उजाडलं. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस तीन बाजू आवळल्या गेल्या आणि उत्तरेची ब्रुमाची वाट तेवढी उघडी राहिली.

नियम असे सुचवतो:
– पहिल्या चालीला डोमिनियनने एल्सवेअरच्या सीमेवरची तीन घरं चिठ्ठीवर लिहून ठेवावी. फौज तिथूनच निघेल. साम्राज्याने आपली फळी त्याआधी मांडलेली असावी आणि ती दोन चाली हलू नये.
– ब्राविल शत्रूकडे असेपर्यंत त्याच्या उत्तरेला गेलेल्या प्रत्येक आल्डमेरी तुकडीची ताकद दर चालीला एकाने कमी.
– पूर्व काठ आणि तलाव दोन्ही ताब्यात नसतील तर तटावर हल्ला फक्त पश्चिमेकडून, पुलाच्या रुंदीएवढ्या तुकड्यांनी.

शाईची_दौत

निबेनकाठ, सगळं पटलं, एक सावधगिरी. “मूळ लक्ष्य हॅमरफेलच होतं, सायरोडीलवरचा हल्ला लीजन (साम्राज्याच्या फौजा) अडकवून ठेवण्यापुरता होता” हे आपल्याला सांगतो त्या ग्रंथाचा लेखक लेगेट क्विंटियस. तो स्वतः दहाव्या लीजनचा अधिकारी. पकडलेले कागद, कैद्यांच्या जबान्या आणि प्रत्यक्षदर्शींच्या हकिगती यांवरून त्याने जुळवलेलं चित्र आहे ते, आणि बादशहाचं कौतुक त्याच्या लेखणीतून ओसंडतं. थालमोरच्या बाजूचा इतका सलग वृत्तांत आपल्यापुढे नाही.

तरी एवढ्यापुरता त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण हॅमरफेल मागण्यांतच होतं. शिवाय दक्षिण किनारा मिळाल्यावर तिथली फौज बसून राहिली, मुलूख पक्का करत राहिली. जे हवं ते मिळालेला माणूस तसाच वागतो.

तहानेची_वाट

हॅमरफेलबद्दल कोणी बोलेना म्हणून मी. स्कायरिम या गेममध्ये न दिसणारी आघाडी म्हणून तिला सगळे चार ओळीत गुंडाळतात, आणि निकाल लागला तो तिथून.

डोमिनियनची दुसरी सेनापती लेडी अरानेल्या वॅलनवुडमधून पश्चिम सायरोडीलमध्ये शिरली, ॲन्विल आणि क्वाच ही दोन्ही शहरं बाजूला टाकली आणि थेट हॅमरफेलमध्ये उतरली. त्याच वेळी छोट्या तुकड्या जहाजांनी दक्षिण किनाऱ्यावर. रेडगार्ड (हॅमरफेलचे लोक) आपसांत फुटलेले, फोरबेअर आणि क्राउन या त्यांच्या दोन गटांचं जुनं वैर, त्यामुळे प्रतिकार विखुरलेला. साम्राज्याची फौज संख्येने फारच कमी होती, ती अलिकर वाळवंटातून मागे हटली. तोच तो तहानेचा कूच. पाण्यावाचून हाल झाले, पण उरलेले उत्तरेला पोचले आणि शेजारच्या हाय रॉक प्रांतातून आलेल्या कुमकेबरोबर पुन्हा उभे राहिले. माघार घेणारी फौज जिवंत राहिली, ही अरानेल्याची पहिली चूक.

दुसरी हेगाथे. दक्षिणेत तेवढं एक शहर टिकून होतं, क्राउनांचं. १७३ च्या सुरुवातीला सेंटिनेलच्या फोरबेअरांच्या फौजेने येऊन त्याचा वेढा मोडला. वैऱ्याने वैऱ्याचं शहर वाचवलं आणि दोन गटांत समेट झाला. लांबलेल्या वेढ्याने शत्रूलाच एकत्र आणलं. नियमात हे जरूर घ्या: हेगाथे पाच चालींत पडलं नाही, तर फोरबेअर आणि क्राउन सोंगट्या एकमेकींना मदत करू शकतील. तोवर एका घरात उभ्याही राहणार नाहीत.

तरीही अरानेल्याने मुख्य फौज वाळवंटापार नेली. स्कावेन शहराबाहेर साम्राज्याच्या जनरल डेसियानसशी रक्तबंबाळ, अनिर्णित लढाई झाली. डेसियानस मागे सरला, स्कावेन तिला मिळालं, पण पुढे पाऊल टाकायची ताकद उरली नाही. वाळवंटासाठी साधा हिशोब ठेवा: आत शिरताना प्रत्येक तुकडीची एक ताकद जाते, परत येताना दोन, कारण परतीला अलिकरचे योद्धे लचके तोडतात. १७४ च्या अखेरीस तिच्या माघारीत नेमकं हेच झालं.

आता खरी मेख. १७४ मध्ये डेसियानस स्कावेनवर चालून जायच्या तयारीत असताना त्याला सायरोडीलला बोलावलं गेलं. हॅमरफेल उघडं टाकायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून निघण्याआधी त्याने मोठ्या संख्येने सैनिकांना “अपंग” ठरवून सेवामुक्त केलं. कागदोपत्री लंगडे, प्रत्यक्षात धडधाकट अनुभवी लढवय्ये. त्यांच्याभोवतीच नवी फौज उभी राहिली आणि तिने अरानेल्याला वाळवंटापार हाकललं. समोर अजून साम्राज्याचीच फौज आहे असं तिला वाटत राहिलं असावं, कारण डेसियानस हॅमरफेल सोडून गेलाय याचा आल्डमेरींना पत्ताच नव्हता.

पटावर: डेसियानसच्या सोंगट्या उलट्या ठेवा. तो निघताना तीनपैकी एक सोंगटी मागे ठेवतो आणि दोन कोऱ्या सोंगट्या तिच्या शेजारी. डोमिनियनने प्रत्यक्ष लढाई केल्याशिवाय त्या उलटायच्या नाहीत.

जुना_लीजनवाला

+१. तिसरा प्रश्न मी घेतो.

१७२-७३ मध्ये थालमोरने लक्ष्य बदललं. नारिफिनचं यश अपेक्षेपेक्षा मोठं निघालं, साम्राज्य पोकळ आहे असं वाटलं आणि अडकवून ठेवायची आघाडी मुख्य झाली. घोळ तिथे. १७४ च्या वसंतात हाताशी असलेली सगळी फौज दक्षिण सायरोडीलमध्ये जमवली आणि १२ सेकंड सीडला (तिथला मे) हल्ला चढवला. एक फौज उत्तरेची वाट बंद करायला, नारिफिनची मुख्य फौज दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा तिन्ही बाजूंनी तटावर. म्हणजे सगळ्यात पातळ कडी उत्तरेची. बादशहाने नेमकी तीच निवडली. आठवी लीजन तटावर मरायला ठेवली, बाकी फौज घेऊन उत्तरेला कडी फोडली आणि उत्तरेच्या स्कायरिम प्रांतातून येणाऱ्या जनरल जोनाच्या कुमकेला जाऊन मिळाला. राजधानी सोडा असं सुचवायची एकाही सेनापतीची हिंमत नव्हती. महाल जळला, राजधानीतला व्हाइट-गोल्ड टॉवर लुटला गेला, फौज मात्र वाचली.

(इथे कोणीतरी १६८९ चा रायगड आणि जिंजी काढणारच, म्हणून आधीच सांगतो: साम्य तेवढ्यापुरतंच. राजाराम महाराज मोठी फौज घेऊन निघाले नव्हते, वेढ्यातून निसटले होते. टायटस अख्खी फौज घेऊन फोडून निघाला.)

पुढचा हिवाळा थालमोर तहाच्या गप्पा मारत राहिला. बादशहा शरण येणार अशी त्यांची समजूत, आणि त्याने ती जपली. दरम्यान तीन फौजा लागल्या: डेसियानस कोरोलजवळ कोलोव्हियाच्या डोंगराळ भागात लपलेला, जोना मुख्यतः नॉर्ड (स्कायरिमच्या लोकांच्या) लीजन घेऊन शेडिनहालजवळ, बादशहा उत्तरेला.

३० रेन्स हँड (तिथला एप्रिल) १७५. डेसियानस पश्चिमेकडून उतरला आणि नारिफिन गाफील सापडला. जोनाची फौज रेड रिंग रोडने दक्षिणेला सरकली, दोन दिवसांत निबेन ओलांडून पश्चिमेला वळली. दोन्ही टोकं जुळली की शहर कोंडलं. सगळ्यात अवघड काम या दुसऱ्या टोकाचं, कारण ब्राविल आणि स्किनग्राडहून आल्डमेरींचे प्रतिहल्ले आले ते तिच्याच अंगावर. पण ते आले सुटे-सुटे. एकाच दिवशी दोन्हीकडून आले असते तर कोंडी फुटली असती. पाचव्या दिवशी वेढा पूर्ण, मग बादशहाचा उत्तरेकडून हल्ला. दक्षिणेला फुटून निघायचा आल्डमेरींचा प्रयत्न जोनाच्या ढालींच्या भिंतीवर आपटला. सायरोडीलमधली त्यांची मुख्य फौज संपली. नारिफिन पकडला गेला आणि ३३ दिवस टॉवरवर जिवंत लटकत ठेवला गेला.

नियम: या एका लढाईसाठी ऋतूची चाल मोडून पाच दिवसांच्या पाच उपचाली करा. ब्राविल आणि स्किनग्राडच्या तुकड्यांसाठी दर उपचालीला वेगवेगळा फासा, ४ किंवा जास्त पडला तरच ती तुकडी हलेल. एकमेकांशी संपर्क नसलेल्या शिबंद्या अशाच वागतात.

पटावरचा_प्यादा

जबरदस्त. शेवटची शंका. राजधानी गेल्यावर साम्राज्याच्या खेळाडूचे किती गुण कापू? फार कापले तर कोणी शहर सोडणार नाही, कमी कापले तर पहिल्याच चालीला सोडून पळेल.

जुना_लीजनवाला

गुण कापू नका, माणसं कापा. स्कायरिमहून लीजन ओढल्या की तिथलं भोक दाखवा. १७४ ते १७६ मार्कार्थ शहर आणि रीच (स्कायरिमचा पश्चिम भाग) फोर्सवॉर्न या स्थानिक बंडखोरांच्या हातात गेलं ते यामुळेच. पाचपेक्षा जास्त सोंगट्या स्कायरिमहून आणल्या तर रीच गेलं. आणि बाहेर पडायचं तर एक अख्खी लीजन तटावर सोडावी लागेल. ती परत मिळणार नाही.

शाईची_दौत

आणि जिंकण्याची अट शहरावर बांधू नका. विजयानंतर साम्राज्याच्या एकाही लीजनमध्ये निम्म्याहून जास्त सैनिक लढण्यालायक नव्हते. आठवी सोडून आणखी दोन लीजन जवळपास नाहीशा झाल्या होत्या. म्हणून तहात टालोस, ब्लेड्स आणि दक्षिण हॅमरफेल तिन्ही द्यावं लागलं, म्हणजे गाडीबरोबर आलेली यादी जवळजवळ तशीच. १५ व्या चालीनंतर पटावरच्या साम्राज्याच्या तुकड्या मोजा. निम्म्यापेक्षा कमी उरल्या तर यादीतल्या मागण्यांचे गुण डोमिनियनला, राजधानी कोणाकडेही असो.

तहानेची_वाट

हॅमरफेलचे सोडून. त्यांनी तह मानला नाही, साम्राज्याने त्यांना प्रांतांतून काढून टाकलं तरी लढत राहिले आणि १८० मध्ये आल्डमेरींना परत जावं लागलं. त्या पाच वर्षांसाठी तिसरा खेळाडू बसवा, त्याच्याकडे फक्त त्या “अपंग” सोंगट्या आणि वाळवंट.