जास्वंदीची बियांपासूनची रोपं : कोणतं ठेवायचं, कोणतं काढायचं? (जळगाव) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जळगावहून लिहितोय. परसात आणि गच्चीवर जास्वंदीचे क्रॉस करतो, नर्सरीत पुण्याकडची म्हणून जी हायब्रीड मिळतात त्यांचेच एकमेकांवर. क्रॉस करणं अवघड जात नाही, घरी कपाशीचे सीड प्लॉट (हाताने क्रॉस करून बियाणं तयार करतात ती शेतं) पाहतच मोठा झालोय आणि जास्वंदही कपाशीच्याच कुळातली, तेव्हा सकाळी ऊन तापायच्या आत आईच्या (म्हणजे बोंड जिच्यावर धरायचं त्या झाडाच्या) फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, बापाची (दुसऱ्या झाडाच्या परागाची) पिवळी पावडर टोकाच्या पाचही गोंड्यांवर लावायची आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. बोंड धरलं तर दोनेक महिन्यांत तपकिरी होऊन तडकतं. उन्हाळ्यात केलं की बोंडं पिवळी पडून गळतात, म्हणून सगळं दिवाळीनंतरच. बियांना नेलकटरने बारीक टक देऊन रात्रभर पाण्यात ठेवल्या की उगवतात पण छान.

अडलंय ते निवडीत. एकाच बोंडातली दोन रोपं सारखी नसतात, आणि पहिलं फूल यायला वर्ष-दीड वर्ष जातं, तोपर्यंत कुंड्या सांभाळायच्या. आता फुलावर आलेल्यांत दोन रोपांवर जीव अडकलाय.

पहिलं : फूल हाताच्या पंजाएवढं, कडा पिवळी झालरीची, आत राखाडी-जांभळट आणि मधे गडद लाल डोळा. थंडीत बघत बसावं असं. पण एप्रिल लागला, पारा ४२-४३ वर गेला की कळ्या उमलायच्या आधीच गळतात, ग्रीन नेटखाली ठेवूनसुद्धा.

दुसरं : साधं केशरी, पाकळ्या एकमेकींवर चढत नाहीत, फूल मध्यम. पण भर मे महिन्यात, गच्चीवर, रोज फुलतंय, पानं काळीभोर, मिलीबग शेजारच्या कुंडीत आली तरी याच्यावर फारशी टिकली नाही. माझ्या मते आपल्या खान्देशात नवीन जात काढायची तर ती असंच ऊन खाणारी पाहिजे, नुसतं हिवाळ्यात मिरवणारं फूल काय कामाचं?

तर जाणकारांनी सांगा, रोप नापास करायच्या आधी किती बहर बघता? पहिली फुलं बऱ्याचदा लहान येतात आणि ऊन-थंडीनुसार रंगही बदलतो, म्हणून घाई करवत नाही, पण जागा संपलीये. पहिल्याचं गावठी लाल जास्वंदीवर पाचर कलम केलं तर कळीगळ थांबते का, की मूळ तेवढं मजबूत होतं आणि कळ्यांचं दुखणं तसंच राहतं? आणि या दोघांचा क्रॉस करायचा तर आई कोणाला करू? मला वाटतंय केशरीलाच, कारण बोंड दोन महिने तिलाच पोसायचंय. कोणी असा क्रॉस पुढच्या पिढीपर्यंत नेला असेल, भुसावळ-रावेर-धुळ्याकडचं कोणी असेल तर फारच उत्तम, कृपया सविस्तर लिहा. दोघांचे थंडीतले आणि मे महिन्यातले फोटो खाली टाकतोय.