फायटर वाढतच नाही, टाकी बदलू का?

काचघर: हाफमून (अर्धचंद्रासारखी शेपटी असलेला) फायटर मासा, नर, आणून चार महिने झाले. शेपटी सोडून अंग ४ सेंटिमीटर, आणला तेव्हाही साधारण तेवढंच होतं. ४ लिटरचा बाऊल, फिल्टर नाही, दर रविवारी सगळं पाणी बदलतो. दोन वेळ खाद्याच्या ७-८ गोळ्या. आठवडाभर शेपटीची कड कुरतडल्यासारखी दिसतेय. पुण्यात सध्या रात्री खोलीत १७-१८ अंश असतं. मोठ्या टाकीत वाढेल का?

शेवाळ: आता अंगाने फारसा वाढणार नाही. दुकानात लांब शेपटीचे नर येतात ते बहुधा ४ ते ६ महिन्यांचे, म्हणजे वयात आलेलेच. पुढे लांबतात ते पर. खरी वाढ होते पहिल्या तीन महिन्यांत. २७-२८ अंशांना अंडी दीड-दोन दिवसांत फुटतात, पिल्लं फेसाच्या घरट्याला शेपटी खाली सोडून लोंबकळतात आणि आणखी दोन-तीन दिवसांत आडवी पोहायला लागतात. तेव्हा खायला इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव), मग आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीची) ताजी पिल्लं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हवा घेण्याचा अवयव तयार होतो. त्या दिवसांत झाकण उघडं राहून पृष्ठभागावर गार हवा आली की पिल्लं पटापट मरतात. या काळात उपासमार झाली तर नंतर कितीही खाऊ घाला, उणीव भरून निघत नाही.

'भांड्याएवढाच मासा वाढतो' हे अर्धसत्य आहे. पिल्लाला खुरटवतं ते घाण पाणी, काच नव्हे.

टाकीदार: तरी टाकी बदलाच, शेपटीसाठी. ४ लिटरमध्ये एवढ्या गोळ्यांचा अमोनिया दोन-तीन दिवसांत चढतो, आणि रविवारी सगळं पाणी काढलं की तापमान एकदम पडतं. मासा दोन्हीकडून मार खातो.

१६ × ८ × १० इंचांची टाकी घ्या. वर दोन इंच मोकळे सोडले तरी १६-१७ लिटर पाणी बसतं. झाकण हवंच, फायटर उडी मारतो. स्पंज फिल्टर, हवा अगदी मंद. प्रवाहाने पर ढकलले जात असतील तर हवेच्या नळीवरचा व्हॉल्व्ह आवळा. २५ वॉटचा हीटर, २६-२७ अंशांवर. नवा स्पंज मुरायला, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू वाढायला, ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर दिवसाआड पाव टाकी पाणी बदला, नंतर आठवड्याला एकदा. नव्या पाण्यात आधी अँटिक्लोरिन (नळाच्या पाण्यातलं क्लोरिन घालवणारं औषध), आणि ते टाकीतल्याइतकंच कोमट. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य यायला हवेत.

शेवाळ: कड काळपट किंवा लालसर होऊन मागे सरकतेय का बघा. तसं असेल तर ती परांची कुज. स्वच्छ चिरा असतील तर प्लास्टिकचं झाड: त्यावरून नायलॉनचा मोजा ओढा, धागा अडकला तर परही अडकणार. कुजीवर आधी दहा दिवस स्वच्छ, उबदार पाणी. मिठाची घाई नको. नवीन कड पारदर्शक दिसते, ती पर भरून येण्याची खूण, घाबरू नका.

पाणकणीस: गोळ्या निम्म्या करा. १ मिलिमीटरच्या ३-४, दोन वेळ, आठवड्यातून एक दिवस उपास. गच्च पोट फुगून मासा तिरका पोहायला लागला तर दोन दिवस काहीच नको, मग डॅफ्निया (पाणपिसवा). खवले अननसासारखे उभे राहिले तर मात्र तो जलोदर, त्यातून क्वचितच वाचतो. डासांच्या अळ्या उत्तम, पण गटारातल्या नकोत, आणि पाच मिनिटांत संपतील एवढ्याच टाका. उरलेल्या उडून तुम्हालाच चावतील.

देशी बदामाचं गळून वाळलेलं तपकिरी पान धुऊन टाका, १५ लिटरला एक. हिरवं नको. पाणी चहासारखं होतं, ते चालतं. तीन-चार आठवड्यांनी बदला. त्याने कुज बरी होते असं दुकानदार सांगतात. पाणी घाण असेल तर पानाचा काही उपयोग नाही.

काचघर: कडेला काळी रेघ आहे. टाकी मोठी झाली की सोबतीला मादी सोडू का?

टाकीदार: नको. १७ लिटरमध्ये तिला पळायला जागा नाही, आणि पर भरून येत असताना तर मुळीच नको.