मदत हवी आहे : कीबोर्डवरील बासरीच्या आवाजाचा लेगाटो (स्वर न तोडता जोडून वाजवणे) कसा बसवावा?

सप्रेम नमस्कार. ग्वाल्हेरच्या आमच्या भजनी मंडळात मी कीबोर्डवर बासरीची साथ करतो. यातील तयार आवाजात प्रत्येक स्वराच्या आरंभी फुंकरीचा आघात आहे; तो पहिल्या स्वराला शोभतो, परंतु 'ग म प' असे सलग घेताना दर पट्टीला उमटला की बासरीला उचकी लागल्यासारखी वाटते.

म्हणून मी आवाज संपादित करताना पॉलीऐवजी (एकाच वेळी अनेक स्वर) मोनो (एका वेळी एकच स्वर) निवडून लेगाटो चालू केला. आता पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबल्यास एन्व्हलप (आवाजाच्या चढ-उताराचा आराखडा) नव्याने सुरू होत नाही, आणि पोर्टामेंटोही (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) लेगाटोपुरताच ठेवल्यामुळे सुटे स्वर घसरत नाहीत. इथवर उत्तम.

खरी अडचण लांब उडीची आहे. मध्य सप्तकातील गंधारावरून थेट तार षड्जावर गेल्यास खालच्या स्वराचाच नमुना (ध्वनिमुद्रित तुकडा) वर ताणला जातो आणि आवाज पातळ, कृत्रिम होतो. रीट्रिगर (दर पट्टीला आवाज नव्याने सुरू होणे) चालू करावा तर नमुना बदलतो, पण आघातही परततो. आघाताविना दुसरा थर करून तो केवळ जोडस्वरांना वाजवण्याची सोय सर्वसाधारण कीबोर्डवर असते का?

शिवाय विलंबितात पुरेशी वाटणारी पोर्टामेंटोची मींड द्रुत लयीत रेंगाळते. पोर्टामेंटोचा वेळ मिडी (वाद्यांना सूचना पाठवण्याची पद्धत) कंट्रोलर क्रमांक 5 ने बदलतो हे ठाऊक आहे. तो वाजवताना पेडलने सांभाळणे सोयीचे, की दोन निराळे आवाज साठवून ठेवणे? भजनाला साथ करणाऱ्यांनी कृपया सांगावे.