गर्भपिशवी काढायची आहे: पोटावर छेद की दुर्बीण? मदत हवी

रानजाई:
नमस्कार. वय ४७, दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. गेलं वर्षभर पाळीत अतोनात रक्तस्राव, हिमोग्लोबिन ८.४. सोनोग्राफीत फायब्रॉइड (पिशवीतल्या साध्या गाठी), मोठा साडेसात सेंटिमीटरचा. पिशवी चौदा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी लागते म्हणे. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड झालं, मिरेना (हार्मोनवाली तांबीसारखी वस्तू) पिशवीत बसवली तर ती रक्तस्रावात निघून आली. पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाची तपासणी) आणि अस्तराची बायोप्सी दोन्ही ठीक. तेव्हा काढायची हे नक्की. "आधी दुसरे उपाय बघा" हे कृपया नको, बघून झालेत.

अडलंय ते पद्धतीवर. साताऱ्यातले आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, दोन सिझर झालेत, मूत्राशय चिकटलेलं असणार, पोटावर आडवा छेद घेऊन उघडून करू. पुण्यातले म्हणाले दुर्बिणीतून होईल, दुसऱ्या दिवशी घरी. तिसऱ्या ठिकाणी रोबोट सुचवला. बिल ऐकून नवऱ्याने आधी पाणी मागितलं. बिनटाक्याचं, म्हणजे खालून योनीमार्गे, कोणी सुचवलंच नाही. वाचनात मात्र येतं की शक्य असेल तर तोच पहिला पर्याय. मग मला का नाही?

मी शाळेत शिकवते, दिवसभर उभं राहावं लागतं. सासूबाई म्हणतात तीन महिने खाली वाकायचं नाही, शेजारीण म्हणते पंधरा दिवसांत स्कूटर. खरं काय?

निवृत्तदाई:
ताई, स्त्रीरोग विभागात नोकरी झाली माझी. तपासलेलं नाही, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच.

खालून काढणं तुम्हाला अशक्य नाही, पण पिशवी मोठी, खाली उतरलेली नाही आणि वर दोन सिझर, म्हणून बहुतेकांचा हात आखडतो. दुर्बिणीने दुखणं कमी, जखम चिघळण्याची भीती कमी, कामावर लवकर परतता येतं. मात्र मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा होण्याचं प्रमाण पोट उघडण्यापेक्षा थोडं जास्त. तुमच्या सिझरमुळे हाच मुद्दा महत्त्वाचा. साध्या गाठींसाठी रोबोट हा अनुभवी हातातल्या दुर्बिणीपेक्षा सरस ठरलेला नाही, त्यासाठी कर्ज काढू नका.

पुण्याच्या डॉक्टरांना सरळ विचारा: सिझर झालेल्या, एवढ्या मोठ्या पिशव्या तुम्ही किती काढल्यात? त्यातल्या कितींना मधेच पोट उघडावं लागलं? (मधेच उघडणं म्हणजे हार नव्हे. न उघडता रेटणारा डॉक्टर मला जास्त धोक्याचा वाटतो.) एवढी पिशवी बाहेर कशी काढणार? आत यंत्राने तिचे बारीक तुकडे करणार असतील तर ते पोटात घातलेल्या वेगळ्या बंद थैलीत करणार का? गाठीत क्वचित कर्करोग लपलेला असतो आणि तुकडे पोटात पसरू शकतात. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये या यंत्राबद्दल इशारा दिला होता. बायोप्सी ठीक असली तरी हे विचारायचंच, कारण अस्तराच्या तपासणीत गाठीतलं दिसेलच असं नाही.

आणि बीजांडकोश! दोष नसेल तर ते ठेवा म्हणून सांगा. तुमची पाळी अजून चालू आहे, "पुढची कटकट नको" म्हणून काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात अंगावर येते. हिमोग्लोबिनही आधी वाढवून घ्या. गोळ्यांना वेळ नसेल तर शिरेतून लोह देतात.

माणदेशी:
माझं पोट उघडून झालं. पहिला आठवडा कुशीवर वळताना आणि खोकताना जीव जायचा. उशी पोटाशी दाबून खोकायचं, हे नर्सने शिकवलं. उघडून केलं तर साधारण सहा ते आठ आठवडे, दुर्बिणीने दोन ते चार, असं मला सांगितलं होतं. पण माझ्या जावेचं दुर्बिणीने झालं, तिलाही पाण्याची कळशी आणि सिलिंडर सहा आठवडे बंदच होते. योनीच्या वरच्या टोकाचे टाके दोघींनाही सारखेच, ते भरायला तेवढाच वेळ लागतो. तोवर संबंधही नाहीत. चालायचं मात्र दुसऱ्या दिवसापासून. झोपून राहिलं की पायात रक्त गोठायची भीती. ताप, दुर्गंधी किंवा ताजं रक्त जास्त दिसलं तर फोन नाही, सरळ दवाखाना.

रानजाई:
बीजांडकोशाबद्दल कोणत्याच डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, मीही नाही. शुक्रवारी पुण्याला पुन्हा जातेय, वरचे प्रश्न लिहून घेतलेत. एक राहिलं: शाळेत आमच्याकडे भारतीय पद्धतीचंच शौचालय आहे. उकिडवं बसणं कधीपासून जमलं, कोणी सांगेल का?