साक्षीदार अडखळला की खोटा ठरतो का?

निवांत: १९७०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ विल्यम ओ'बार आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या खटल्यांचं ध्वनिमुद्रण केलं. मग एकच साक्ष दोन ढंगांत बोलून घेतली. एकीत थेट उत्तरं. दुसरीत "मला वाटतं", "साधारण", अडखळणं, वर सारखं "सर". १९७८ साली निष्कर्ष छापून आले : माहिती तीच, तरी थेट बोलणाऱ्यावर ऐकणाऱ्यांचा जास्त विश्वास बसला, बोलणारा पुरुष असो की बाई. म्हणून म्हणतो, "बहुतेक", "तसं म्हटलं तर" ही जळमटं शाळेतच झाडून टाका. मुळमुळीत बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

काळाकोट: साफ अमान्य. "साधारण नऊ वाजले असतील, साहेब" हे प्रामाणिक उत्तर आहे. घड्याळ न बघता "नऊ वाजून दहा मिनिटं" म्हणणारा बहुधा पढवलेला असतो, उलटतपासणीत पाचव्या प्रश्नाला फाटतो. शिवाय आपल्याकडे निकाल द्यायला सामान्य नागरिकांची ज्युरी नाही. न्यायाधीश ऐकून सांगतात, टायपिस्ट टाइप करतो. "अं... म्हणजे..." कागदावर येतच नाही, आणि अपिलात बोलतो तो कागद.

निवांत: पण सांगणारे न्यायाधीश माणूसच ना? त्यांच्या कानावर तर ते "अं" पडलंच.

काळाकोट: पडलं. म्हणून ऐकणाऱ्याचे कान सुधारा. साक्षीदाराची जीभ कशाला?

चौथीसीट: तुमचं दोघांचं चालू द्या. ऑफिसात मी "हा आकडा चुकलाय" म्हटलं की "मॅडम फार चढून बोलतात". तेच "सर, जरा बघता का? माझंच चुकत असेल" म्हटलं की तासाभरात शीट दुरुस्त. मानसशास्त्रज्ञ लिंडा कार्लींच्या १९९०च्या अभ्यासातही हेच : बाई बिचकत बोलली तर तिचं म्हणणं पुरुषांना जास्त पटतं, बायकांना कमी. ठाम बोलायचा सल्ला फुकट आहे, त्याची किंमत आम्ही मोजतो.

निवांत: म्हणजे बायकांनी बिचकतच बोलायचं?

चौथीसीट: असं कुठे म्हटलं? भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफनी १९७५ साली या लकबींना बायकांची भाषा म्हटलं होतं. तुमच्याच ओ'बारनी दाखवलं की साक्षीला आलेली डॉक्टर बाई तशी बोलत नाही आणि खालच्या हुद्द्याचा पुरुष बोलतो. आधी खुर्ची द्या, "जरा" आपोआप गळेल.

काळाकोट: +१. आणि ते "सर" दुबळेपणात मोजू नका हो, दिवसभर "युवर ऑनर" करणारा आमचा अख्खा वकीलवर्ग दुबळा ठरेल.